विश्लेषण : खाडीतला गाळ सांगेल का, प्रदूषण कोणी केले?

ओहोटीला खाडीचे पाणी रंग बदललेले दिसते, काठाला मेलेले मासे लागतात, मच्छीमार तक्रार करतात. पण अधिकारी बाटलीत नमुना घेईपर्यंत अनेकदा एक-दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात आणि अहवालात सारे काही मर्यादेत असते. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांवर जगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पाण्यातून निसटलेला पुरावा तळाच्या गाळात मात्र वर्षानुवर्षे पडून असतो. या गाळाचे थर वाचून प्रदूषण कधी सुरू झाले, कुठून आले आणि त्यात कारखान्यांचा वाटा किती, हे शोधण्याचे शास्त्र गेल्या सहा-सात दशकांत विकसित झाले आहे. ते कसे चालते आणि भारतात त्याचा उपयोग कुठे अडतो, याविषयी.

पाण्याचा नमुना पुरेसा का ठरत नाही?

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी सुमारे पाच मीटरपर्यंत वरखाली होते. त्यामुळे पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाची स्थिती सांगतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी त्या जागी नसते. शिवाय पारा, कॅडमियम यांसारखे धातू समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या स्वरूपात अत्यल्प, लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागावेत इतके कमी असतात. बाटली नीट धुतलेली नसली, तरी आकडा बदलू शकतो.

दुसरी अडचण मानकांच्या रचनेत आहे. भारतात सांडपाण्यातील पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा लिटरची आहे, वर्षभरात एकूण किती पारा गेला याची नाही. समजा एखादा कारखाना रोज दहा लाख लिटर सांडपाणी सोडतो आणि ही मर्यादा काटेकोर पाळतो. तरीही दिवसाला १० ग्रॅम, वर्षाला साडेतीन किलोहून अधिक आणि तीस वर्षांत शंभर किलोहून अधिक पारा त्याला कायदेशीररीत्या खाडीत सोडता येतो. पारा हे मूलद्रव्य असल्याने तो कुजत नाही. त्याची संयुगे बदलतात, पण एकूण साठ्यातला मोठा भाग तळाशी जमतो. पाण्याचा प्रत्येक अहवाल ‘योग्य’ आला, तरी गाळ दरवर्षी बिघडत राहू शकतो.

गाळात प्रदूषण साठते कसे?

नदी माती, चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा घेऊन समुद्राकडे येते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मिळते, तिथे तरंगणारे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. पाऱ्यासारखे अनेक धातू या कणांवरील लोह-मँगनीजच्या लेपाला आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटतात. डीडीटी किंवा पीसीबीसारखी संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून तीही कणांचाच आधार घेतात. गाळातील प्रदूषकांचे प्रमाण वरच्या पाण्यापेक्षा हजारो, कधी लाखो पटींनी जास्त सापडते, ते यामुळेच.

कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि धातू धरून ठेवण्याची क्षमताही जास्त. म्हणून वाळूच्या किनाऱ्यापेक्षा खारफुटीच्या कडेची संथ, चिखलाची जागा शास्त्रज्ञांना अधिक उपयोगी पडते. दरवर्षी नवा थर जुन्यावर बसतो. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा साधा नियम या साऱ्या शास्त्राचा पाया आहे.

नमुन्यासाठी लांब नळी वजनाच्या जोरावर तळात घुसवतात आणि गाळाचा उभा दंड जसाच्या तसा वर काढतात. त्याला ‘कोअर’ म्हणतात. त्याच्या एक-दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून त्या वाळवतात, आम्लात विरघळवतात आणि प्रत्येक चकतीतले धातू उपकरणावर मोजतात. पाऱ्यासाठी वेगळी पद्धत लागते, कारण तो उष्णतेने उडून जातो.

थराचे वय कसे ठरते?

यासाठी मुख्य घड्याळ म्हणजे शिसे-२१०. जमिनीतून निसटणारा रेडॉन वायू हवेत विघटित होत जातो आणि त्यातून हे किरणोत्सारी शिसे तयार होते. ते पाऊस आणि धुळीबरोबर खाली येते व गाळात गाडले जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२.३ वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे प्रमाण निम्मे होते. समजा वरच्या थरात बाहेरून आलेल्या शिसे-२१०चे प्रमाण १०० एकक आहे आणि २० सेंटिमीटर खाली ते ५० आहे. तर तो थर साधारण २२ वर्षांपूर्वीचा आणि गाळ साचण्याचा वेग वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर. ही पद्धत साधारण शंभर ते दीडशे वर्षांपर्यंत चालते. औद्योगिकीकरणाचा बराचसा इतिहास एवढ्या काळात बसतो.

या घड्याळाची वेळ पडताळण्यासाठी सिझियम-१३७ वापरतात. हे समस्थानिक निसर्गात नव्हते. १९५०च्या दशकातील अणुस्फोट चाचण्यांमुळे ते जगभर पसरले आणि १९६३च्या सुमारास त्याचे प्रमाण शिखराला पोहोचले. त्याच वर्षी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. गाळात सिझियमचे शिखर ज्या थरात सापडते, तो थर साधारण १९६३चा. उष्ण कटिबंधात हा ठसा क्षीण असतो, त्यामुळे भारतीय किनाऱ्यावर एकाच घड्याळावर विसंबून चालत नाही.

या पद्धतीची ताकद १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसली. सांता बार्बराजवळच्या खोल भागात तळाशी प्राणवायू जवळपास नसल्याने थर उकरणारे जीव नाहीत. त्यामुळे तिथे झाडाच्या वर्तुळांसारखे वर्षावर्षाचे थर टिकून आहेत. त्यात विसाव्या शतकात वाढत गेलेले शिसे स्पष्ट दिसले आणि त्याचा संबंध शिसेयुक्त पेट्रोलशी जोडता आला. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले. अशा ज्ञात तारखा गाळाच्या नोंदीशी ताडून पाहता येतात.

निसर्गाचा वाटा आणि कारखान्याचा वाटा वेगळा कसा करतात?

गाळात धातू सापडला म्हणजे प्रदूषण झाले, असे म्हणता येत नाही. प्रत्येक खडकात धातू असतातच. वाद इथेच सुरू होतो आणि चुकाही इथेच होतात.

पहिली काळजी कणांच्या आकाराची. चिकणमातीत धातू मुळातच जास्त असतात. म्हणून धातूची तुलना ॲल्युमिनियमशी करतात. ॲल्युमिनियम चिकणमातीचा मुख्य घटक आहे आणि कारखान्यांमुळे गाळातील त्याचे प्रमाण सहसा फारसे बदलत नाही. उदाहरणार्थ, एका नमुन्यात जस्त ६० पीपीएम, म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम, आणि ॲल्युमिनियम तीन टक्के आहे. दुसऱ्यात जस्त १२० पीपीएम आणि ॲल्युमिनियम आठ टक्के. वरवर पाहता दुसरा नमुना दुप्पट खराब वाटतो. पण ॲल्युमिनियमच्या प्रत्येक टक्क्यामागे जस्त पहिल्यात २० आणि दुसऱ्यात १५ आहे. म्हणजे बाहेरून जस्त मिसळल्याचा संशय पहिल्या नमुन्यावर जातो.

दुसरी काळजी मूळ पातळीची. जगभरातील अनेक अभ्यास तुलनेसाठी शेल या खडकाची जागतिक सरासरी वापरतात. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तक्त्यात तांब्याची सरासरी ४५ पीपीएम आहे. महाराष्ट्राचा किनारा मात्र दख्खनच्या बेसाल्टच्या झिजेतून आलेल्या मातीचा आहे. या काळ्या कातळात तांबे, लोह, टायटॅनियम यांचे प्रमाण शेलच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे जागतिक सरासरी लावली, तर ज्या खाडीच्या पाणलोटात एकही कारखाना नाही, तीही तांब्याने ‘प्रदूषित’ ठरू शकते. उलट, सारे काही बेसाल्टमधून आले असे सांगून खरे प्रदूषणही झाकता येते. पाऱ्याबाबत ही पळवाट फारशी चालत नाही, कारण बेसाल्टमध्ये पारा अत्यल्प असतो.

गोव्यातही हाच पेच आहे. मांडवी आणि झुआरीच्या गाळात लोह व मँगनीज भरपूर आहे. पण तिथली जांभ्याची जमीन मुळातच लोहयुक्त आहे आणि त्याच नद्यांमधून दशकानुदशके खनिजाचे बार्ज गेले आहेत. अशा ठिकाणी उत्तम उपाय म्हणजे त्याच खाडीतील कोअरचा सर्वात खालचा, उद्योगपूर्व काळातील थर. कारखाना यायच्या आधी ही जागा कशी होती, हे तिथलाच गाळ सांगतो.

नेमका स्रोत कळू शकतो का?

काही प्रमाणात कळतो. त्यासाठी तीन प्रकारचे ठसे तपासतात. पहिला नकाशाचा. प्रदूषकाचे प्रमाण एखाद्या नाल्याच्या तोंडाशी सर्वाधिक आणि लांब जाताना घटत गेले, तर बोट त्या नाल्याकडे जाते. दुसरा मिश्रणाचा. प्रत्येक उद्योगाची उरलेसुरले टाकण्याची पद्धत वेगळी असते. पाऱ्याचे विद्युतघट वापरणारे कॉस्टिक सोड्याचे कारखाने पारा सोडतात, व्हिस्कोस रेयॉनच्या प्रक्रियेतून जस्त येते, कातडी कमावण्यातून क्रोमियम. तिसरा ठसा समस्थानिकांचा. शिशाच्या खाणीनुसार त्यातील शिसे-२०६ आणि शिसे-२०७ यांचे गुणोत्तर बदलते. त्यावरून पेट्रोलमधले शिसे, कोळशाच्या राखेतले शिसे आणि स्थानिक खडकातले शिसे वेगळे काढता येते.

मुंबईसारख्या महानगरात आणखी एक प्रश्न हमखास येतो. हे कारखान्यांचे की शहराच्या मैल्याचे? त्याचेही उत्तर गाळात आहे. माणसाच्या आतड्यातील जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टेनॉल नावाचे संयुग तयार करतात आणि ते गाळात टिकते. एखाद्या थरात कोप्रोस्टेनॉल आणि जस्त दोन्ही वाढले असतील, तर सांडपाण्याचा संशय बळावतो. पारा वाढला आणि कोप्रोस्टेनॉल वाढले नाही, तर उद्योगांना उत्तर द्यावे लागते.

तरीही एकाच नाल्यात शंभर कारखाने सांडपाणी सोडत असतील, तर त्यातला एक कारखाना गाळावरून निवडता येत नाही. गाळ नाल्यापर्यंत, उद्योगाच्या प्रकारापर्यंत आणि काळापर्यंत नेतो. तिथून पुढे कारखान्यांच्या उत्पादनाच्या आणि सांडपाण्याच्या नोंदी लागतात.

मिनामाटात गाळाने काय दाखवले?

जपानमधील मिनामाटा शहरात १ मे १९५६ रोजी एका अनोळखी मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणे, दृष्टी आक्रसणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे होती आणि बहुतेक रुग्ण मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील होते. शहरात चिसो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तिथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जात होते.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये उपसागराचा तळ तपासला. कारखान्याचे सांडपाणी ह्याक्केन बंदराजवळ सोडले जात होते. त्या निकासाच्या तोंडाशी गाळात सुमारे २,००० पीपीएम पारा सापडला. म्हणजे टनामागे दोन किलो. निकासापासून दूर जाताना हे प्रमाण घटत गेले. दरम्यान १९५८ मध्ये कंपनीने सांडपाणी नदीच्या मुखाकडे वळवले होते आणि त्यानंतर त्या बाजूच्या किनाऱ्यावरही नवे रुग्ण आढळले.

पुरावा इतका स्पष्ट असूनही जपान सरकारने कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा हेच कारण असल्याचे अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. म्हणजे गाळाचा अहवाल आल्यानंतर नऊ वर्षांनी. तोवर ती उत्पादन प्रक्रिया बंदही झाली होती. पुढे अधिकृतपणे मान्यता मिळालेल्या पीडितांची संख्या २,२०० हून अधिक झाली. मान्यता न मिळालेल्यांची लढाई त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. २५ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ काढून किंवा गाडून टाकण्याचे काम १९७७ ते १९९० असे चालले. त्यावर सुमारे ४८.५ अब्ज येन खर्च झाला आणि ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. आज त्या गाळावर उद्यान आहे.

अशी साक्ष न्यायालयात टिकते का?

मिनामाटात गाळ बोलला, पण व्यवस्थेने उशिरा ऐकले. गाळाची साक्ष भरपाईपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या पॅलोस व्हर्डेसचे आहे. तिथल्या माँट्रोझ कंपनीने १९४७ पासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डीडीटीचे उत्पादन केले. १९७१ पर्यंत तिचे सांडपाणी शहराच्या गटारवाहिनीतून थेट समुद्रात जात होते. अमेरिकेने १९७२ मध्ये देशांतर्गत वापरावर बंदी घातल्यानंतरही निर्यातीसाठी उत्पादन सुरू राहिले.

भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात समुद्रतळाचे कोअर काढले. सर्वाधिक डीडीटीचा थर तुलनेने स्वच्छ थराखाली गाडलेला सापडला. म्हणजे काळ जुळत होता आणि सांडपाण्याच्या वाहिनीपासून पसरलेला पट्टाही जुळत होता. तळात शंभर टनांच्या आसपास डीडीटी शिल्लक असल्याचा अंदाज निघाला. सरकारने १९९० मध्ये दाखल केलेला दावा दहा वर्षांनी तडजोडीने संपला आणि संबंधित सर्व पक्षांकडून मिळून सुमारे १४ कोटी डॉलर मिळाले. त्यातला काही पैसा जवळच्या बेटांवर गरुड पुन्हा वसवण्यासाठी खर्च झाला. डीडीटीमुळे त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन पिल्ले जन्मेनाशी झाली होती. मात्र त्या भागातील काही मासे खाऊ नयेत, अशा सूचना पुढेही कायम राहिल्या.

उल्हास आणि ठाणे खाडीची स्थिती काय?

उल्हास नदी घाटातून निघून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातून वाहत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. या काठावर रेयॉन, रंग, औषधे, रसायने आणि कॉस्टिक सोड्याचे उद्योग उभे राहिले. ठाणे खाडीच्या एका काठावर १९५०च्या दशकात तुर्भे-चेंबूर परिसरातले तेलशुद्धीकरण कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर समोरच्या काठावर ठाणे-बेलापूर पट्टा वाढला.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे असून मुंबईत तिचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास करून २००३ मध्ये प्रसिद्ध केला. खाडीच्या आतल्या, कारखान्यांच्या जवळच्या भागात पारा नैसर्गिक पातळीच्या अनेक पट होता आणि समुद्राकडे जाताना तो कमी होत गेला. मिनामाटाच्या नकाशासारखाच हा उतार आहे. दोन्हीकडच्या आकड्यांत मात्र प्रचंड फरक आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

कॉस्टिक सोडा उद्योगाने पाऱ्याचे घट सोडून मेम्ब्रेन तंत्रज्ञानाकडे जावे, असे केंद्राच्या २००३च्या पर्यावरण जबाबदारी सनदेत ठरले आणि त्यासाठी २०१२ची मुदत होती. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाटाचेच नाव आहे. भारताने २०१८ मध्ये तो मंजूर केला. कॉस्टिक सोडा उद्योगातील पाऱ्याचा वापर संपवण्याची त्यातील मुदत २०२५ची होती. म्हणजे नवा पारा येणे बंद व्हायला हवे. पण आधीच्या काही दशकांत आलेला पारा तळाशी आहे. त्याचा हिशेब या मुदतींमध्ये कुठेच नाही.

ठाणे खाडीचा रोहित पक्ष्यांसाठी राखीव भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्षी याच चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खातात. निवटे, चिंबोऱ्या, कालवे, कोळंबी यांचे जगणेही याच चिखलाशी बांधलेले आहे. काठच्या कोळी कुटुंबांच्या ताटात आणि बाजाराच्या टोपलीत हेच जीव येतात. म्हणून गाळातला आकडा हा अखेरीस अन्नाचा प्रश्न आहे.

गाळाच्या साक्षीला मर्यादा कोणत्या?

पहिली, थर नेहमी शाबूत नसतात. किडे, खेकडे आणि निवटे चिखल उकरतात. पावसाळ्यातला पूर वरचा थर धुऊन नेतो. बंदरांचे जलमार्ग खोल ठेवण्यासाठी सतत गाळ उपसला जातो आणि तो दुसरीकडे टाकला जातो. अशा जागेचा कोअर म्हणजे पाने विस्कटलेली वही. म्हणून एका नव्हे, अनेक ठिकाणच्या कोअरमध्ये एकच क्रम दिसतो का, हे पाहावे लागते.

दुसरी, काही धातू गाडल्यानंतरही हलतात. प्राणवायू नसलेल्या थरात लोह आणि मँगनीज विरघळून वर सरकतात आणि पृष्ठभागाजवळ पुन्हा साचतात. वरच्या थरात मँगनीज वाढलेले दिसले, तर तो अलीकडच्या प्रदूषणाचा पुरावा असेलच असे नाही.

तिसरी मर्यादा सर्वात महत्त्वाची. गाळातील एकूण धातू आणि जिवाच्या शरीरात जाणारा धातू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खनिजाच्या आत अडकलेला धातू माशापर्यंत जात नाही, कणावर सैल चिकटलेला जातो. म्हणून टप्प्याटप्प्याने वेगवेगळी द्रावणे वापरून धातू किती घट्ट बांधलेला आहे, हे तपासतात. पाऱ्याबाबत तळातील काही जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप अन्नसाखळीत चढत जाते. एकूण पारा कमी असूनही मिथाइल पारा चिंताजनक असू शकतो आणि उलटही होऊ शकते.

मग भारतात अडते कुठे?

विज्ञानाची कमतरता नाही. किनारी प्रदूषणाचे मोजमाप करणारा केंद्राचा कार्यक्रम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुरू आहे आणि विद्यापीठांनीही खाड्यांच्या गाळावर पुष्कळ काम केले आहे. अडते ते कायद्याच्या चौकटीत.

पर्यावरण संरक्षण नियमांत किनारी पाण्याचे पाच वर्ग आहेत. शिंपले, मत्स्यशेती आणि संवेदनशील क्षेत्रे असलेल्या पहिल्या वर्गात पारा, शिसे, कॅडमियम यांच्या मर्यादाही दिल्या आहेत. पण त्या पाण्याच्या आहेत. खाडीच्या गाळासाठी अशी अधिसूचित मानके नाहीत. त्यामुळे भारतीय शोधनिबंध अनेकदा अमेरिकेच्या सागरी संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पातळ्यांचा आधार घेतात. पाऱ्यासाठी त्या ०.१५ आणि ०.७१ पीपीएम आहेत. खालच्या पातळीखाली जीवांवर परिणाम क्वचित दिसतो, वरच्या पातळीवर तो वारंवार दिसतो. पण त्या तिकडच्या समुद्रातील माहितीवर बेतलेल्या आहेत. बेसाल्टच्या किनाऱ्यावरील तांबे किंवा निकेलला त्या जशाच्या तशा लावणे अवघड आहे. त्यामुळे गाळात अमुक इतका धातू सापडला, असा अहवाल आला तरी ‘मग कोणता नियम मोडला?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

दुसरा अडथळा काळाचा. राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यानुसार भरपाईसाठीचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. विलंबाला सबळ कारण असेल, तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. गाळाची स्मृती शंभर वर्षांची आहे. तिच्यात १९७०च्या दशकातील पारा दिसला, तरी त्या वेळचा कारखाना कदाचित बंद पडलेला, विकलेला किंवा त्याच्या जागेवर इमारती उभ्या राहिलेल्या असतील.

पुढे काय करता येईल?

पहिली गरज मूळ पातळीची आहे. पश्चिम किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या खाडीतून वय निश्चित केलेले कोअर काढून, बेसाल्ट आणि जांभ्याच्या प्रदेशांसाठी उद्योगपूर्व पातळ्या जाहीर करता येतील. त्याशिवाय भारतीय मानके तयार होणार नाहीत. दुसरी गरज परवान्यांमध्ये बदलाची आहे. कारखान्याला आणि सामायिक प्रक्रिया केंद्राला लिटरमागच्या मर्यादेबरोबर वर्षाची एकूण मर्यादा घालून दिली आणि निकासाच्या तोंडाशी दर काही वर्षांनी गाळ तपासणे बंधनकारक केले, तर भरती-ओहोटीचा आडोसा राहणार नाही. तिसरी गोष्ट खाडीत गाळ उपसण्याआधीची. जुन्या थरात काय गाडले आहे, हे न तपासता उपसा केल्यास बंद झालेला हिशेब पुन्हा पाण्यात मिसळतो.

आणि या तपासण्यांचे आकडे मच्छीमारांपर्यंत, त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचायला हवेत. मिनामाटात पुरावा हाती असतानाही मान्यतेला नऊ वर्षे लागली आणि त्या काळात लोक मासे खात राहिले. ठाणे आणि उल्हासच्या खाड्यांत मिनामाटा घडल्याचा पुरावा नाही. पण तसे घडणार नाही याची खात्री पाण्याच्या बाटलीवरून देता येत नाही. त्यासाठी तळाशी पाहावे लागेल.